ससून घराण्याचा जमाखर्च



पुण्यात कोणी आजारी पडला आणि खाजगी दवाखान्याचे बिल झेपेनासे झाले, म्हणजे घरात एकच वाक्य निघते : "ससूनला न्या." या वाक्यातला ससून हा कोणी हाडामांसाचा माणूस होता, हे बोलणाऱ्याच्या मनातही नसते. युनियनच्या कामामुळे त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात आमच्या कित्येक रात्री गेल्या आहेत. कोणाचा हात यंत्रात गेलेला, कोणाची बायको बाळंत व्हायची. रात्र सरत नाही म्हणून आम्ही शेजारी बसलेल्या नातेवाइकांना विचारतो, "हे ससून कोण हो?" एकाने सांगितले, इंग्रज कलेक्टर असणार. दुसऱ्याच्या मते ते सरकारी खात्याचे नाव. हडपसरच्या एका बाईने मात्र खात्रीने उत्तर दिले, "ससाणे असतील. आमच्याकडे पुष्कळ आहेत."

मागल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदाचे वडील तेथे दाखल होते. वय ऐंशीच्या घरातले. मूळ सातारा जिल्ह्यातले, मुंबईच्या गिरणीत १९८२ च्या संपापर्यंत साचे चालवलेले, आता पुण्यात मुलाकडे असतात. त्यांनी आमचाच प्रश्न आम्हाला उलटा विचारला. "भाऊ, आम्ही भरती झालो तेव्हा गिरणीचे नाव इंडिया युनायटेड होते. पण जुने लोक तिला ससूनचीच गिरणी म्हणायचे. ते ससून आणि हे ससून एकच का?"

आम्ही म्हणालो, एकच. पण एका शब्दात दिलेले ते उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले. आज जे सांगणार आहोत ते त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे समजावे.

डेव्हिड ससून हा बगदादचा ज्यू. जन्म १७९२ चा. त्याचा बाप बगदादच्या पाशांचा खजिनदार आणि तिथल्या ज्यू समाजाचा प्रमुख होता. म्हणजे घराणे खानदानी, दरबारी. पण दरबारी माणसाचे सुख दरबाराच्या मर्जीवर असते. दाऊद पाशाच्या अमलात ज्यूंचा छळ सुरू झाला, श्रीमंतांना कोठडीत घालून पैसे काढण्याचे प्रकार होऊ लागले, आणि डेव्हिडला जीव घेऊन पळावे लागले. प्रथम बसरा, मग इराणच्या किनाऱ्यावरचे बुशहर, आणि १८३२ च्या सुमारास मुंबई. चाळिशीतला माणूस, बायकामुलांसह परक्या मुलखात उतरलेला. त्याला निर्वासित म्हणावे, वसाहतवाला म्हणू नये, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो दोन्ही होता. आला निर्वासित म्हणून, आणि वाढला साम्राज्याच्या सावलीत.

त्याची वेळ मोठी नेमकी साधली. १८३३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी संपली आणि तो दरवाजा कोणाही व्यापाऱ्याला उघडा झाला. डेव्हिडला अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होती, हिंदुस्थानी तो येथे शिकला. इंग्रजी मात्र त्याला कधीच आली नाही. १८५३ साली तो ब्रिटिश प्रजाजन झाला तेव्हा त्याने कागदावर सही केली ती हिब्रू अक्षरांत. शेवटपर्यंत बगदादी पायघोळ झगा आणि फेटा. पेढीचा पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत चाले, म्हणजे परक्याच्या हाती पत्र पडले तरी अर्थ लागू नये. आपल्याकडच्या सावकारांच्या मोडी चोपड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

पेढीवरचे कारकून तो बगदादहून आणवी. त्यांच्या मुलांना शाळा, त्यांना राहायला जागा, प्रार्थनेला मंदिर, मेल्यावर पुरायला जमीन, सगळे पेढीचे. आमच्यासारख्या माणसाला हे वाचताना पहिल्यांदा हेवा वाटतो. नोकराची एवढी काळजी घेणारा मालक आम्ही उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मग ध्यानात येते की ही काळजी पेढीवरच्या आपल्या माणसांपुरती होती. पुढे याच घराण्याच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून जी माणसे आली त्यांच्यासाठी बगदादचा कायदा लागू नव्हता. त्यांच्या वाट्याला चाळीतली एक खोली आणि तीत पाळीपाळीने झोपणारे दहाबारा गाववाले.

आता धंद्याचे बोलू. कापूस, सूत, कापड, मसाले हे सगळे होतेच, पण पेढी मोठी झाली ती अफूवर. हे आम्ही कुजबुजत सांगत नाही, कारण त्या काळी तो चोरीचा धंदा नव्हता. बंगालची अफू हा तर सरकारचाच मक्ता. माळव्याची अफू इंदूर-उज्जैनच्या बाजूने संस्थानी मुलखात पिके आणि मुंबई बंदरातून चीनला जाई. सरकार पेटीमागे कर घेई आणि डोळे मिटून घेई. डेव्हिडचा दुसरा मुलगा इलायस १८४४ साली, चोविसाव्या वर्षी, चीनला गेला आणि तेथे त्याने ठाणी घातली. इकडे ससून मंडळी माळव्याच्या व्यापाऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन माल आधीच बांधून घेत. या चालीपुढे जार्डिनसारखी बलाढ्य इंग्रज पेढी हटली आणि १८७० नंतरच्या दशकात अफूच्या व्यापारात ससूनांचा हात वरचा झाला. चीनला जाणारी हिंदी अफू बंद झाली ती १९१३ साली, म्हणजे डेव्हिडच्या पश्चात जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आणि याच माणसाने प्रत्येक व्यवहारावर ठरावीक भाग धर्मादाय म्हणून बाजूला काढण्याची शिस्त घराण्याला लावली. मंडईतल्या अडत्यांच्या पावतीवर 'धर्मादाय' हा रकाना ज्यांनी पाहिला असेल त्यांना हेही नवे नाही. अफूच्या पेटीमागे काही निघाले, कापसाच्या गाठीमागे काही निघाले, आणि त्यातून रुग्णालय उभे राहिले. हे केवळ ससूनांचेच नव्हे. सर जमशेटजी जीजीभाईंची संपत्तीही चीनच्या अफूवर वाढली, आणि पुण्याच्या बंड गार्डनचा बंधारा त्यांच्या देणगीच्या आधाराने झाला. पुण्यातल्या थोरामोठ्यांच्या बागांना ज्या पाण्याने ओल आली त्यात चीनमधल्या कोणा व्यसनी हमालाची मजुरी मिसळलेली होती, असा हिशेब आम्ही मांडला तर कोणी रागावू नये. हिशेब आमचा नाही, चोपड्यांतला आहे.

डेव्हिड पुण्याला येई तो हवेसाठी. मुंबईच्या श्रीमंतांची ती रीतच होती. 'गार्डन रीच' नावाचा बंगला याच सुमारास बांधून झाला आणि ७ नोव्हेंबर १८६४ रोजी डेव्हिड ससून पुण्यातच वारला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला होता. दुसऱ्याच वर्षी तो बाजार कोसळला आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली, पण ते पाहायला म्हातारा राहिला नव्हता, आणि त्याची पेढीही त्यातून तरली. रुग्णालयाची कोनशिला १८६३ ची, इमारत पुरी झाली १८६७ साली. कॅम्पातले लाल विटांचे उंच मनोऱ्याचे प्रार्थनामंदिर, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, तेही त्याच सालचे. दोन्ही इमारती कर्नल विल्किन्स या एकाच इंजिनिअरच्या हातच्या. लाल देवळाच्या आवारात डेव्हिडची समाधी आहे. याशिवाय अनाथ-अपंगांसाठीचे पंगूगृह, ज्याला आज आपण 'निवारा' म्हणून ओळखतो, तेही त्याच्याच नावाचे. नातू जेकब यानेही पुढे पुण्याच्या रुग्णालयासाठी देणगी दिली. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींवर कर्नल मॅडॉकने आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली ती याच ससूनमध्ये, वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात.

मुंबईत काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. त्याबद्दल दोन शब्द अधिक बोलण्याची परवानगी असावी, कारण आमचे सगळे शिक्षण शाळेत नव्हे, असल्याच ठिकाणी झाले. त्या संस्थेची सुरुवात कोणा शेठने केलेली नाही. १८४७ साली टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी आपल्यासाठी एक संस्था काढली. यंत्रांची माहिती मिळावी, व्याख्याने व्हावीत, पुस्तके असावीत. डेव्हिड ससूनने इमारतीसाठी साठ हजार रुपये दिले, १८७० साली इमारत झाली आणि तिच्यावर नाव आले देणाऱ्याचे. कारागिरांचे नाव मागे पडले. आम्ही तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा डेव्हिडच्या पुतळ्यापुढे जरा रेंगाळलो होतो. साठ हजार त्याचे खरे, पण पुस्तके वाचण्याची भूक कोणाची होती, हे पाटीवर कोठेतरी हवे होते.

डेव्हिडला दोन बायकांपासून आठ मुलगे. थोरला अब्दुल्ला. बापाचा झगा त्याने उतरवला, इंग्रजी पोशाख चढवला आणि अब्दुल्लाचा अॅल्बर्ट झाला. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच साली अॅल्बर्टने कुलाब्याला ससून गोदी पुरी केली. त्या गोदीत आज मासळी उतरते. काळा घोडा म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा, तोही अॅल्बर्टचीच भेट. मग 'सर' झाला, १८९० साली बॅरोनेट झाला, आणि १८९६ साली इंग्लंडात ब्रायटनला मेला. धाकट्या इलायसचे भावाशी पटले नाही, त्याने १८६७ साली ई. डी. ससून ही वेगळी पेढी काढली. मुंबईच्या कामगाराशी ज्यांची गाठ पडली ते मुख्यतः हे धाकटी पातीचे ससून.

घराण्यातल्या बायकांचा उल्लेख टाळला तर अन्याय होईल. फरहा ऊर्फ फ्लोरा ही मुंबईत जन्मलेली, डेव्हिडच्या सॉलोमन या मुलाची बायको. १८९४ साली नवरा वारल्यावर मुंबईची सगळी पेढी तिने काही वर्षे स्वतः चालवली. हाफकिन यांच्या लशीला लोक बिचकत होते तेव्हा तिने स्वतः टोचून घेतली. दुसरी रेचल, हीही मुंबईचीच, डेव्हिडची नात. लंडनमध्ये ती 'ऑब्झर्व्हर' आणि 'संडे टाइम्स' अशा दोन वृत्तपत्रांची संपादक झाली, आणि तेही एकोणिसाव्या शतकात.

चौथ्या पिढीत एक गंमत झाली. पणतूंपैकी एक फिलिप, अॅल्बर्टचा नातू, पार्लमेंटचा सभासद. पहिल्या महायुद्धात तो सरसेनापती हेगचा खाजगी चिटणीस होता. दुसरा पणतू सीगफ्रीड. त्याच्या बापाने ज्यू नसलेल्या मुलीशी लग्न केले म्हणून आजीने मुलगा मेला असे समजून शोक पाळला होता. हा सीगफ्रीड त्याच युद्धात खंदकांत लढला, शौर्याचे पदक मिळवले, आणि १९१७ साली त्याने लेखी जाहीर केले की हे युद्ध जाणूनबुजून लांबवले जात आहे आणि आपण त्यात यापुढे भाग घेणार नाही. ते निवेदन पार्लमेंटमध्ये वाचले गेले. त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे करण्याऐवजी मेंदू बिघडला म्हणून रुग्णालयात पाठवले. एक भाऊ सेनापतीच्या टेबलाशी, दुसरा चिखलात. युद्धानंतर १९१९ मध्ये तो 'डेली हेरल्ड' या मजूर चळवळीच्या पत्राचा साहित्यविभाग पाहत होता. १९६७ साली वारला. त्याची कविता आम्ही कोशाच्या मदतीने अडखळत वाचली आहे आणि तिच्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण अफूच्या पेढीच्या वंशात असाही मुलगा निघतो, याचे आम्हाला बरे वाटले, हे लपवत नाही.

आता गिरणीकडे येतो. गेल्या महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईतला सर्वांत मोठा गिरणीमालकांचा गट म्हणजे ई. डी. ससून. त्याचा प्रमुख सर व्हिक्टर, इलायसच्या वंशातला. १९२७-२८ च्या सुमारास या गटाच्या गिरण्यांत नवी पद्धत आली. तोपर्यंत विणकर दोन साचे चालवी, आता तीन चालवायचे. त्रासन खात्यात एकाने दोन बाजू सांभाळायच्या. मालक म्हणत, जपानशी टक्कर आहे, खर्च उतरला पाहिजे. यात खोटे नव्हते. पण विणकराला गणित शिकवावे लागत नाही. सहा साचे पूर्वी तिघे चालवत, आता दोघे चालवणार. तिसऱ्याने कोठे जायचे? जानेवारी १९२८ मध्ये ससूनांच्या गिरण्यांत संप झाला, आणि २६ एप्रिलपासून सगळी गिरणगाव बंद. सुमारे दीड लाख कामगार, ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली. त्याच वेळी डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला होता, आणि तो आम्हा युनियनवाल्यांना आजही झोंबतो : विणकाम खात्यात, जेथे पगार चांगला, तेथे अस्पृश्य कामगाराला साच्याला हात का लावू देत नाहीत? कारण धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि बाट होई. तो दरवाजा ससूनने बंद केलेला नव्हता. तो आमच्याच माणसांनी धरून ठेवला होता. मालकाचा जमाखर्च मांडताना आपली चोपडी झाकून ठेवणे बरे नव्हे.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले. त्यात सर व्हिक्टर ससून सभासद होते, आणि कामगारांच्या बाजूने ना. म. जोशीही. दोघे एका टेबलाला बसून गावोगावच्या साक्षी ऐकत हिंडले. १९३१ साली अहवाल आला, आणि १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे साठ तास होते ते चोपन्न झाले. तोवर सर व्हिक्टरचे लक्ष मुंबईवरून उडाले होते. त्याने भांडवल शांघायला हलवले, तेथे टोलेजंग हॉटेल बांधले, इमारती उठवल्या. १९४३ मध्ये मुंबईच्या गिरण्या हिंदी व्यापाऱ्यांना विकून टाकल्या. त्यांचीच इंडिया युनायटेड झाली. शांघायची मालमत्ता १९४९ च्या क्रांतीनंतर हातची गेली. ज्या चीनमध्ये पणजोबाची अफू उतरली, त्या चीनने पणतूच्या इमारती घेतल्या. घोड्यांचा नाद मात्र टिकला. त्याच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी चार वेळा जिंकली. १९६१ साली बहामा बेटांत तो निपुत्रिक वारला.

म्हणजे बगदादहून मुंबईला आलेले हे घराणे शंभर-सव्वाशे वर्षांत येथून उठून गेले. याउलट त्यांचेच धर्मबांधव बेने इस्रायल पाहा. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागच्या किनाऱ्यावर आले, तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले. गावावरून आडनावे घेतली, मराठी बोलू लागले. रास्ता पेठेत त्यांचे वेगळे प्रार्थनामंदिर आहे, १९२१ चे. बगदादी श्रीमंत त्यांच्यापासून चार हात दूरच राहिले. १९४८ नंतर त्यांच्यातलेही पुष्कळ इस्रायलला गेले, पण जाताना मराठी बरोबर घेऊन गेले. ससूनांनी येथून जाताना आपल्या नावाच्या इमारती ठेवल्या, भाषा काही उचलली नाही.

इंडिया युनायटेडच्या गिरण्या पुढे सरकारच्या ताब्यात आल्या आणि १९८२ च्या संपानंतर हळूहळू थंडावल्या. सहा क्रमांकाच्या गिरणीची, म्हणजे इंदू मिलची, दादरची जागा चैत्यभूमीला लागून. तेथे डॉ. आंबेडकरांच्या स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली. साच्याला हात लावू न देण्याचा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचे स्मारक गिरणीच्याच जमिनीवर.

आमच्या त्या सभासदाच्या वडिलांना सुटी मिळाली त्या दिवशी हे सगळे आम्ही त्यांना रिक्षात थोडक्यात सांगितले. ते म्हणाले, "मग समाधी बघून जाऊ. मालकाचे तोंड कधी पाहिले नाही." लाल देवळापाशी उतरलो. रखवालदाराने चौकशी करून आत सोडले. दगडावरची हिब्रू अक्षरे पाहून त्यांनी विचारले, काय लिहिले आहे? आम्हाला ती वाचता येत नव्हती. साल तेवढे सांगितले, अठराशे चौसष्ट. ते काही वेळ बोटे मोजत उभे राहिले.

"माझा आजा गिरणीत लागला तो ससूनच्याच. अठ्ठावीसच्या संपात तो गावी परत आला होता, आजी सांगायची, सहा महिने नाचणीवर काढले म्हणून. मग बाप लागला. मग मी. मुलगा इथे तुमच्या युनियनमध्ये." त्यांनी चार बोटे उघडी ठेवली होती. "आजाच्या आधीचा कोण आणि तो मुंबईला कधी आला, ते मात्र कोणाला ठाऊक नाही, भाऊ. तुमच्या पुस्तकांत सापडेल का?"

आम्ही म्हटले, गिरणीच्या मस्टरात असेल, ते मस्टर कोठे ठेवले असेल तर. त्यांनी मान हलवली आणि चप्पल घालायला बाहेर आले.